जुन्नरच्या वाटेवरची वही

कचेरीत वीस वर्षे रोकडवही लिहिल्यावर 'कॅश' हा शब्द कानावर पडला की हात आपोआप नोटा मोजायला लागतात. म्हणून माझ्या भाचीने 'जिओकॅशिंग' असे काही म्हटले, तेव्हा मी तिला म्हणाले, "पैशाचे असेल तर आधी पावती दाखव." ती हसली. शिष्यवृत्तीवर इंग्लंडात शिकून आलेली ही मुलगी. तिकडचा हा 'कॅश' म्हणजे रोकड नव्हे, लपवून ठेवलेला साठा.

खेळ अगदी साधा आहे. एकाने डबा लपवायचा, त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करायचे आणि बाकीच्यांनी मोबाईलच्या मदतीने तो शोधून काढायचा. डब्यात एक वही असते. डबा सापडला की वहीत नाव-तारीख लिहायची आणि तो होता तसाच ठेवायचा. आतली एखादी किरकोळ वस्तू घेतली, तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. हारजीत नाही, पंच नाही, फी नाही. २००० सालच्या मे महिन्यात अमेरिकन सरकारने उपग्रहांच्या संदेशात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, सामान्य माणसाच्या यंत्रालाही जागा नेमकी कळू लागली आणि लगेच ३ मे रोजी ओरेगॉन राज्यात डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने रानात पहिली बादली ठेवली. पण कल्पना त्याहून जुनी आहे. इंग्लंडातल्या डार्टमूर माळावर १८५४ साली जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने एका दुर्गम जागी बाटली ठेवली होती. तिथवर चालत येणाऱ्याने आपले नावाचे कार्ड तिच्यात टाकायचे. मोबाईल आत्ता आला, 'मी इथवर आलो होतो' हे सांगायची हौस जुनीच.

भाचीच्या बोलण्यातली दुसरी गोष्ट मला जास्त लागली. तिकडे लोक सुट्टीच्या दिवशी एखाद्या जुन्या बाजारगावी उतरतात आणि गावाभोवतीच्या शेतांतून, कुंपणांमधून दिवसभर चालतात. वाट खाजगी शेतातून जात असली तरी ती सार्वजनिक म्हणून नकाशावर नोंदलेली असेल, तर मालक अडवू शकत नाही. १९४९ च्या कायद्याने अशा वाटांची नोंद करणे तिथे बंधनकारक झाले. त्याआधी १९३२ साली मँचेस्टरकडची कामगार पोरे किंडर स्काउट नावाच्या बंदिस्त माळावर चालत शिरली होती आणि त्यापायी पाच जण तुरुंगात गेले. महाडला आपल्या माणसांनी तळ्याचे पाणी प्यायले ते १९२७ साली. म्हणजे पाच वर्षांच्या अंतराने कुणी पाण्यासाठी चालले, कुणी नुसत्या चालण्यासाठी.

हे ऐकता ऐकता माझ्या डोळ्यांपुढे जुन्नर आले. जुने बाजारगाव म्हणावे तर त्याच्याइतके जुने किती असतील? कोकणातल्या बंदरांतून आलेला माल नाणेघाट चढून याच गावी यायचा आणि पुढे पैठणकडे जायचा. घाटात आजही दगडी रांजण आहे, त्याला लोक जकातीचा रांजण म्हणतात. गावाभोवतीच्या डोंगरांत दोनशेहून अधिक लेणी आहेत. शिवनेरी, मानमोडी, तुळजा, लेण्याद्री, चहूबाजूंनी. आमच्या वस्तीतून जुन्नरला सहली जातातच, पण त्या कशा? गाडी लेण्याद्रीच्या पायथ्याशी थांबते, पोरे धापा टाकत वर जातात, फोटो काढतात, पुरी-भाजी खातात आणि परत. वर भिंतींवर कुणाकुणाची नावे खरवडलेली दिसतात. ती पाहून मला नेहमी वाटायचे की यांना नाव लिहायला दुसरी जागा मिळाली असती तर!

तेव्हा भाचीने आणि मी ठरवले. अभ्यासिकेतली अकरा मुले, सहा मुली आणि पाच मुलगे, आठवी ते बारावीची. जुन्नरभोवती दिवसभर पायी फिरायचे आणि पाच ठिकाणे शोधायची.

तयारीचा भाग लिहिते, कारण वाचकांपैकी कुणी हे करणार असेल तर त्याला तो उपयोगी पडेल. पहिली गोष्ट, लेण्यांत डबा ठेवायचा नाही. ती संरक्षित स्मारके आहेत, आणि शिवाय तिथे आग्या मोहळे असतात. पोराने कपारीत हात घातला तर काय होईल ते सांगायला नको. मग लेण्यांसाठी डब्याऐवजी प्रश्न ठेवला. ही सोयही त्या खेळात आहे. जागेवर जाऊन तिथे जे आहे ते वाचायचे आणि उत्तर वहीत लिहायचे. डबे ठेवले तीनच, तेही मालकांच्या परवानगीने. दुसरी गोष्ट, डबा पारदर्शक हवा. 'बेवारस वस्तूला हात लावू नका' हे आपण रोज ऐकतो. झुडपात बंद स्टीलचा डबा दिसला तर गावकऱ्यांनी पोलीस बोलावले तर त्यांचे काय चुकले? म्हणून लोणच्याच्या प्लॅस्टिकच्या बरण्या घेतल्या, आत वही, पेन्सिल आणि मोठ्या अक्षरांत चिठ्ठी, 'हा मुलांचा खेळ आहे', खाली माझा फोन. पोलीस ठाण्याला आधी अर्ज दिला. आवक क्रमांक घेतल्याशिवाय मी अर्जाची प्रत हातची सोडत नाही, त्यामुळे तिथले हवालदारही जरा गंभीर झाले. तिसरी गोष्ट बिबट्याची. जुन्नर तालुका बिबट्यांसाठी राज्यभर माहीत आहे, माणिकडोहला त्यांचे निवारा केंद्रच आहे. उसात शिरायचे नाही, एकट्याने मागे राहायचे नाही, बोलत-गात चालायचे आणि दिवस मावळायच्या आत एसटीत बसायचे. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी बांधली.

निघायच्या आदल्या दिवशी मुलांना अक्षांशाचा हिशेब फळ्यावर करून दाखवला. जुन्नर साधारण १९ अंश १२ मिनिटे उत्तर. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जमिनीवर १८५२ मीटर. मिनिटाचा हजारावा भाग धरला तर दोन मीटरही भरत नाहीत. "म्हणजे ताई, शेवटचा आकडा चुकला तर दोन पावलांचा फरक, आणि पहिला चुकला तर?" एकीने विचारले. पहिला चुकला तर दुसऱ्या राज्यात! भूगोलाच्या पुस्तकातल्या त्या आडव्या-उभ्या रेघांचा असा उपयोग असतो, हे त्यांना पहिल्यांदाच कळत होते.

यंदाच्या फेब्रुवारीत नारायणगावमार्गे एसटीने जुन्नरला पोचलो. पहिला डबा मानमोडीच्या वाटेवर एका चहाच्या टपरीमागे होता. तो पाच मिनिटांत सापडला. वहीत नावे लिहायची वेळ आली. सगळ्यांनी लिहिली, आणि दहावीतल्या एका मुलाने फक्त स्वतःचे नाव लिहून पेन्सिल पुढे दिली. आडनाव नाही, बापाचे नाव नाही. मी काही बोलले नाही. हा मुलगा शाळेतही असेच करतो, मला ठाऊक आहे. कारणही ठाऊक आहे. भाची सहज म्हणाली, "तिकडे या खेळात सगळे टोपणनावच लिहितात. आडनाव कुणी विचारत नाही." मुलगा म्हणाला, "बरंय मग."

मानमोडीच्या कड्याखाली मोबाईलचा बाण वेड्यासारखा फिरू लागला. उपग्रहाचा संदेश कड्यावर आपटून येतो, म्हणून असे होते. एकदा बाण सरळ डोंगराच्या पोटात दाखवत होता. "चला, आता डोळे वापरा," मी म्हटले. तिथल्या एका चैत्याच्या कमानीवर ब्राह्मीतली ओळ आहे. अभ्यासिकेत आम्ही ब्राह्मी अक्षरे गिरवली होती. 'न' म्हणजे साधारण उलटा टी. पोरांनी 'न' शोधला, मग 'य', मग 'व'. यवन. चंद नावाच्या यवनाने दिलेले दान. म्हणजे परदेशातून आलेला कुणी, बहुधा ग्रीक मूळ सांगणारा. त्याने इथे दान दिले आणि आपण कोण, कुठले हे लपवले नाही. जुन्नरच्या लेखांत असे तीन यवन आहेत. त्यांतल्या इरिलाने पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या आणि चिटाने भिक्षूंसाठी भोजनमंडप. याच मानमोडीवर नहपान राजाचा अमात्य अयम याचाही लेख आहे, पोढी आणि मंडप दिल्याचा, वर्ष ४६. ते शकाचे धरले तर इसवी सन १२४.

राजे-अमात्य राहू द्या. माझा जीव अडकतो तो दुसऱ्या लेखांत. इथे धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिली आहे. अडुथुम नावाच्या शक उपासकाने करंजाच्या झाडांसाठी वीस निवर्तने आणि वडाच्या झाडांसाठी नऊ निवर्तने जमिनीचे उत्पन्न लावून दिले आहे. आणि एका लेखात पैसे ठेवीला दिल्याचा हिशेब आहे, बांबूकाम करणाऱ्यांच्या श्रेणीकडे दरमहा पावणेदोन आणि कासारांच्या श्रेणीकडे पाव. मी बी. कॉम.ची, मला हे वाचून भूक लागते म्हणा ना! नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. विणकरांच्या एका श्रेणीकडे दोन हजार कार्षापणे, शेकडा दरमहा एक व्याजाने. त्यातून वर्षावासातल्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापणे चीवरासाठी. करा हिशेब. दोन हजारांचे दरमहा वीस, वर्षाचे दोनशे चाळीस. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. दमडीचा फरक नाही. कचेरीत ताळेबंद असा जुळला की आम्ही चहा मागवतो.

उतरून बाजारात आलो. आम्ही गेलो तो बाजाराचा दिवस होता. कांदा-टोमॅटोचे ढीग, मिरच्या, मटकी, तांब्या-पितळेची दुकाने, आणि एका कडेला बुरुडाच्या टोपल्या, सुपे, कणग्या मांडून बसलेले एक जोडपे. बरोबरच्या आठवीतल्या मुलीने तिथे उभे राहून मला हळूच विचारले, "ताई, ते लोक यांच्याकडे पैसे ठेवायचे?" मी हो म्हटले. मग ती बराच वेळ सूप विणणाऱ्या हातांकडे बघत राहिली. बुरूड ही जात आज महाराष्ट्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत आहे. कधीकाळी संघाचा पैसा ज्यांच्या श्रेणीकडे विश्वासाने ठेवला जात होता, तोच धंदा करणारे मधल्या शतकांत कधीतरी गावाबाहेर गेले. कसे गेले, कुणी घालवले, याचे उत्तर त्या मुलीला बाजारात उभ्या उभ्या देता येण्यासारखे नव्हते. तिने दहा रुपयांची एक छोटी परडी घेतली, दुसऱ्या डब्यात ठेवायला.

दुसरा डबा कुकडी ओलांडून लेण्याद्रीकडे जाताना एका शेताच्या बांधावर होता. वडाखाली. वड आम्ही मुद्दाम निवडला होता, अडुथुमाची आठवण म्हणून. शेतमालकाशी आधी बोलणे झाले होते. मुले वाकून, दगड उचलून, मुळ्यांमध्ये बघत होती. एवढ्यात मोटारसायकल थांबली.

"काय शोधताय रे? कोणाची पोरं तुम्ही?"

"पुण्याची."

"पुण्याची ते कळलं. आडनाव काय?"

त्याने विचारले ते नेमके त्या दहावीतल्या मुलाला. मी दहा पावलांवर होते. पुढे व्हावे की थांबावे? मुलाचे ओठ हलले, पण शब्द बाहेर येईना. आपल्यापैकी प्रत्येकाला ही वेळ माहीत आहे. नोकरीत, भाड्याची खोली बघताना, लग्नाच्या पंगतीत. प्रश्न सवयीने विचारलेला असेल, मनात काही नसेलही, पण टोचायचा तो टोचतोच.

बोलली ती परडीवाली आठवीतली मुलगी. तिने आपले पूर्ण नाव सांगितले, बापाचे आणि आडनावासकट, कवायतीत सांगतात तसे खणखणीत. आणि पुढे म्हणाली, "आम्ही लेणी बघायला आलोय. इथं आमची वही आहे, तिच्यात नाव लिहायचंय."

"लेणी? वर गणपती आहे."

"हो. त्या शेजारीच चैत्यगृह आहे, कल्याणच्या सुलसदत्तानं दिलेलं. त्याचं नाव वर लिहिलंय."

तो गृहस्थ तिच्याकडे पाहतच राहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "बाई, पोरांना उसात घालू नका. परवा वासरू नेलंय." आणि किक मारून गेला. तो चांगला की वाईट, हे मी अजून ठरवलेले नाही. बिबट्याचे सांगितले ते खरे होते, एवढे नक्की.

गडबड ऐकून शेतमालकाची आई घरातून आली. मुले तिला आजी म्हणू लागली. तिने माठावरचे झाकण काढले आणि ओगराळे मुलांच्या हाती दिले. "घ्या आपापलं," म्हणाली. माझ्या आजीने लोकांच्या दारात पाणी प्यायले ते ओंजळीत, वरून ओतलेले. मी हे मुलांना तिथे सांगितले नाही. त्यांनी ओगराळे माठात बुडवले, पाणी सांडले, ओरडा खाल्ला, इतर कुठल्याही पोरांसारखे. तेवढ्यात बरणी सापडली. वही फिरली. त्या मुलाने या वेळी पेन्सिल हातात धरली, वहीकडे बघितले आणि काहीच न लिहिता ती पुढे दिली.

लेण्याद्रीच्या पायऱ्या तीनशेच्या आसपास आहेत. दुपारचे ऊन उतरले होते. वर गेल्यावर मुले गर्दीतून वाट काढत थेट सहाव्या लेण्याकडे गेली. गणपतीच्या दर्शनाची रांग सातव्या लेण्यात, तेही मूळचे विहारच. आम्ही कुणाशी वाद घालायला गेलो नव्हतो. वाद घालायला आधी वाचता यायला हवे. प्रश्न होता, दान देणाऱ्याचे गाव कोणते? अक्षरे जुळवायला वेळ लागला, दोन 'क'वरून भांडण झाले, पण 'कल्याण' निघाले. "माझा मामा कल्याणलाच राहतो," एक मुलगा ओरडला, "तो लोकलनं जातो, हा चालत आला!" सुलसदत्त हा हेरणिकाचा मुलगा. हेरणिक म्हणजे सोन्याचा व्यवहार करणारा, सोनार किंवा खजिनदार. बापाचा धंदा, गाव, स्वतःचे नाव आणि काय दिले ते, एवढे चार तपशील. इथल्या लेखांची हीच साधी रीत आहे.

तिसरा डबा पायथ्याशी एका रसवंतीवाल्याकडे होता. तिथे बाकावर बसून मुलांनी शेवटची वही उघडली, आणि कुणाच्या डोक्यात आले कोण जाणे, एकीने टोपणनाव न लिहिता लेण्यातल्यासारखे लिहिले, 'पुण्याच्या गवंड्याची मुलगी', मग नाव, आणि 'हिचे दान, एक खोडरबर'. मग सगळ्यांनाच चेव आला. घरकाम करणाऱ्या बाईचा मुलगा, दान एक बटण. महापालिकेच्या सफाई कामगाराची मुलगी, दान केसांची पिन. त्या दहावीतल्या मुलाने वही बराच वेळ आपल्याकडे ठेवली. रसाचा ग्लास तसाच. मग लिहिले, 'पुण्याच्या रिक्षाचालकाचा मुलगा', पुढे स्वतःचे नाव, बापाचे नाव, आडनाव. 'याचे दान, एक शिट्टी.' गळ्यातली शिट्टी काढून त्याने बरणीत टाकली. एसटीत बसेपर्यंत मी त्याला माझी दिली, बिबट्याचा भाग आहे म्हणून.

या खेळात डबा ठेवणाऱ्यावर तो नीट ठेवायची जबाबदारी असते. वही भरली, भिजली तर बदलायची, डबा फुटला तर दुसरा ठेवायचा. मे महिन्यात आजींचा फोन आला. वडाखाली त्यांच्या गावातलीच दोन पोरे बरणी उघडून बसली होती, त्यांनीही नावे लिहिली, चालेल का म्हणून विचारत होत्या. चालेल म्हणजे काय, त्यासाठीच तर ठेवली! जुलैत पुन्हा फोन आला. बरणीत पाणी शिरले, पाने चिकटली. आजींनी वही चुलीजवळ वाळत घातली आहे. पाऊस थांबला की नवी बरणी घेऊन जायचे आहे, आणि मुले आत्तापासून विचारत आहेत की या वेळी तुळजाच्या डोंगराकडूनही जायचे का.